ओल्या तळव्याची साक्ष

खांबावर चढण्याआधी थूल काका पायथ्याशी थांबायचे, पक्कड कमरेला खोचायचे आणि मला म्हणायचे, "लाव पोरी हात."

मग मी बूट काढायचे, मोजे काढायचे, अनवाणी मातीवर उभी राहायचे आणि लोखंडी खांबाला उजवा तळवा सपाट टेकवायचे. पकडायचा नाही, नुसता टेकवायचा. वीज लागली की मूठ आवळते आणि मग सुटत नाही, म्हणून इतर वायरमन हाताची उलटी बाजू लावून बघतात. माझा मात्र तळवाच बोलायचा. खांबात जराशी गळती असली तरी त्याला मुंग्या यायच्या. मी "जित्ती हाये" म्हटलं की काका खाली बसकण मारून सबस्टेशनला फोन लावायचे आणि ऑपरेटरच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचे. "मेली" म्हटलं की चढायचे. अकरा वर्षांत माझा तळवा एकदाही चुकला नव्हता.

नियमात हे कुठेही नाही. नियम असा की आधी सबस्टेशनकडून लाईन बंद केल्याचं परमिट घ्यायचं, मग टेस्टरने तपासायचं, मग डिस्चार्ज रॉड लावायचा. रॉड म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला आकडा, आकड्याला तांब्याची जाड तार, आणि तारेचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला. आकडा लाईनवर अडकवला की चोरून आलेली वीज माणसात न शिरता मातीत जाते. पण शेहेचाळीस डिग्रीत ते सगळं लोढणं बांधाबांधाने वाहून नेणार कोण? बोरटेकडी सेक्शनमध्ये रीतच पडली होती, की रॉड गाडीत आणि मसरामबाईचा हात खांबाला.

मसरामबाई म्हणजे मी, तृप्ती मसराम. दोन हजार एकेचाळीसच्या उन्हाळ्यात मी तेहतीस वर्षांची होते आणि सेक्शनमधली एकुलती एक बाई वायरमन होते. थूल काका सत्तावन्नचे, दिवाळीला निवृत्त होणार होते. आमची जोडी अशी की ते वर आणि मी खाली. दोर मी धरायचा, सामान मी पाठवायचं, हात मी लावायचा. वर चढणं माझ्या नशिबी नव्हतं, कारण माझ्या तळहातांना घाम यायचा.

घाम म्हणजे तुम्हाला येतो तसा नव्हे. थेंब पडायचे. शाळेत पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवावा लागे, तरी गणिताच्या पेपरात आकडे फुटून जायचे आणि मास्तर म्हणायचे, "रडत रडत सोडवलास काय?" लग्नात हातात हात दिला तेव्हा नवऱ्याने हळूच विचारलं, "ताप आहे का?" आयटीआयमध्ये खांबावर चढायची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला कशीबशी पास झाले, आणि नोकरीत आल्यावर पहिल्याच चढाईत पाच फुटांवरून घसरले. रबरी हातमोजे घातले तर दहा मिनिटांत त्यात पाणी साचे. लोक हसायचे आणि मीही हसायचे, पण माझा जीव जळायचा.

म्हणूनच त्या खांबावरच्या तळव्याचा मला गर्व होता. काका सगळ्यांना सांगायचे, "हिच्या हातात गुण हाये." मीही ते खरं मानलं होतं. अनुभवाने आलेली समज, पारख, काय हवं ते म्हणा. पण तो गुण नेमका कशाचा, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नाही.

आणि तो गुण त्या दिवसांत लाखमोलाचा होता. गावोगाव प्रत्येक घरावर सौर पत्रे आले होते, प्रत्येक ओसरीत बॅटरीचं कपाट होतं. घरात वीज जास्त झाली की ती लाईनवर सोडायची. सरकारी लाईन मेली की घरातल्या यंत्राने ते ओळखून लगेच वीज सोडणं थांबवावं, असा कायदा होता, आणि एकटं यंत्र ते ओळखतंही. पण एका गल्लीत चाळीस यंत्रं असली की गंमत होते. प्रत्येक यंत्र लाईन चाचपून बघतं, तिथं शेजारच्या एकोणचाळिसांची वीज सापडते, आणि त्याला वाटतं लाईन जिवंत आहे. एकमेकांच्या भरवशावर सगळी वीज सोडत राहतात. सबस्टेशनच्या पडद्यावर लाईन मेलेली आणि खांबावर जित्ती. दरवर्षी राज्यात यात माणसं जात होती.

मार्चमध्ये आमचे अभियंता मोहोड साहेब मला म्हणाले, "थूल गेले की तुम्हाला चढावं लागेल. जमत नसेल तर बिलांच्या तक्रारींचं टेबल रिकामं आहे." मला टेबलाच्या विचारानेच धाप लागली. दुसऱ्या दिवशी लग्नाचं निमित्त सांगून मी रजा काढली आणि नागपूर गाठलं.

त्वचारोगाच्या डॉक्टर बोकारे बाई कमी बोलणाऱ्या होत्या. आधी त्यांनी थायरॉईड, साखर आणि छातीचा फोटो तपासून घेतला, कारण या आजारांतही अंगाला घाम सुटतो आणि मग उपाय घामावर नव्हे, आजारावर करायचा असतो. ते सगळं साफ निघालं.

"झोपेत हात ओले असतात?"

"नाही. झोपेत कोरडे. जाग आली की सुरू."

"घरात आणखी कुणाला?"

"वडिलांना होतं. ते हात मिळवत नसत, लांबूनच नमस्कार करत."

त्यांनी माझ्या तळव्याला आयोडीन फासलं आणि वरून पांढरी पिठी भुरभुरली. जिथे घाम तिथे पिठी काळी पडते. मिनिटभरात माझे दोन्ही तळवे शाईत बुडवल्यासारखे झाले.

"तुमच्या ग्रंथी चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "संख्याही इतरांइतकीच. अंगावरच्या ग्रंथी उन्हाचं ऐकतात, तळव्याच्या ग्रंथी मनाचं. मेंदूतून निघालेली नस ग्रंथीपाशी येऊन एक रसायन सोडते. ग्रंथीवर त्या रसायनासाठी कुलूप असतं. किल्ली फिरली की पाणी सुटतं. तुमच्याकडे निरोप्याला दम धरवत नाही. ग्लास उचलायचा म्हटलं तरी वाघ दिसल्यासारखा धावत येतो. यात भित्रेपणा नाही आणि अस्वच्छता नाही. रचनाच तशी, घराण्यातून आलेली."

हे ऐकून मला रडू आलं. तेहतीस वर्षांत कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

मग उपाय. ॲल्युमिनियमचं मलम मी लावून पाहिलं होतं, नुसती आग झाली होती. इंजेक्शनं तळव्यात वीस-वीस टोचायची आणि सहा महिन्यांनी पुन्हा. छातीतली नस कापायची जुनी शस्त्रक्रिया होती, पण तिच्यात हात कोरडे होऊन पाठ-पोटातून धारा लागायच्या. आणखी एक पद्धत म्हणजे पाण्याच्या ताटात हात बुडवायचे आणि त्या पाण्यातून वीज सोडायची. "डॉक्टर," मी म्हटलं, "मी वायरमन आहे. हे मला सांगू नका." तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

नवं औषध दोन वर्षांपूर्वीच आलं होतं. जेल भरलेले हातमोजे आणि पायमोजे रात्रभर घालायचे. जेलमध्ये आरएनएचे बारीक तुकडे असतात. ते ग्रंथीच्या पेशींत शिरतात आणि ते कुलूप बनवण्याचा हुकूमच रद्द करतात. निरोप येतो, किल्ली येते, पण कुलूपच नसतं. परिणाम सहा-सात महिने राहतो. "तोवर मागे फिरता येत नाही," बाईंनी बजावलं. मला मागे फिरायचंच नव्हतं.

औषध घेतल्यावर पंधरा दिवसांनी बाईंनी पुन्हा पिठी भुरभुरली, ती काळी पडलीच नाही. मी बसमध्ये बसून दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होते. पापडासारखा आवाज येत होता.

सेक्शनमध्ये कुणाला सांगितलं नाही. घामाची चर्चा आयुष्यभर ऐकली होती, आता ती बरी झाल्याची चर्चाही नको वाटली. शिवाय एक दिवस अचानक सगळ्यांसमोर सरसर खांबावर चढून दाखवायचं माझ्या मनात होतं. तोवर खांबांना हात लावणं चालूच होतं, आणि त्या दिवसांत प्रत्येक खांब मेलाच निघाला.

चढाईचा तो दिवस यायच्या आधी मेची अठरा तारीख आली. गावाबाहेरच्या गल्लीत इन्सुलेटर फुटला होता आणि तार आडव्या पट्टीवर टेकायच्या बेतात होती. भर दुपार. शेजारच्या मांडवात लग्नाचा डीजे दणाणत होता. काकांनी फोनवर परमिट घेतलं, नंबर लिहून घेतला. टेस्टर काढला, बटण दाबलं, तर दिवा लागेना. बॅटरी उतरली होती. गाडी पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या तोंडाशी, अर्धा मैल मागे, आणि रॉड गाडीत.

"मी घेऊन येऊ रॉड?" मी विचारलं.

"कायले? तुहा हात हाये नं." काकांनी उन्हाकडे बघितलं. "लाव पोरी."

मी बूट काढले. माती तापून तवा झाली होती. तळवा टेकवला. डोळे मिटले. काहीच नव्हतं. साधं गरम लोखंड.

"मेली हाये," मी म्हटलं.

काका मांडवातून मागून आणलेल्या शिडीवरून वर गेले, मग खांबाला पट्टा आवळला आणि वर सरकले. हातमोजे त्यांनी पट्ट्याला लटकावून ठेवले होते, कारण ओल्या मोज्यांत बारीक नट फिरवता येत नाही. सामान वर ओढायचा दोर त्यांच्या कमरेला, दुसरं टोक माझ्याजवळ. मी पाण्याची बाटली उघडली, तोंडाला लावली. घाईत निम्मं पाणी हातावर आणि पायांवर सांडलं. पाय जरा निवले म्हणून मी तशीच अनवाणी उभी राहिले आणि वर बघायला ओला हात खांबावर टेकला.

मुंग्या आल्या. मी हात काढला. पुन्हा टेकवला. कोपरापर्यंत झिणझिण.

क्षणभर मला कळेचना. मग सगळं एकदम कळलं. आयटीआयच्या पहिल्याच वर्षी फळ्यावरून उतरवून घेतलं होतं, की कोरडी कातडी विजेला अडवते आणि ओली वाट देते, फरक शंभर पटींचा. गुण माझ्या हातात कधीच नव्हता. गुण घामात होता, तळव्याच्या आणि तळपायाच्या. तो मी नागपुरात सोडून आले होते आणि त्या कोरड्या हाताच्या भरवशावर एका माणसाला वर पाठवलं होतं.

"काका! जित्ती हाये! हात लावू नका!"

डीजे दणदणत होता. काकांना डाव्या कानाने तसंही कमीच ऐकू यायचं. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेस्तोवर. त्यांनी पक्कड काढली, डाव्या हाताने पट्टी धरली आणि उजवा हात तारेकडे नेला. हात आणि तार यांत वीतभर अंतर होतं.

मी दोर दोन्ही हातांत गुंडाळला आणि सगळं वजन टाकून खाली बसले.

काकांचा पाय निसटला. ते पट्ट्याला लोंबकळले, उजवा खांदा पट्टीवर आपटला, आणि हातातून सुटलेली पक्कड दोन तारांवर आडवी पडली. फाडकन आवाज झाला, निळा उजेड पडला, वितळलेले थेंब माझ्यासमोर मातीत पडून चुरचुरले. आणि डीजे बंद पडला. त्याची वायर त्याच गल्लीतल्या एका घरात होती. एवढ्या शांततेत मला काकांचं विव्हळणं ऐकू आलं.

मांडवातली माणसं धावली. आधी आम्ही घराघरांतली बॅटरीची कपाटं बंद करवली, मग काकांना उतरवलं. ते खांबाला टेकून बसले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"तू त मेली म्हणली होती वं," ते म्हणाले.

"हाव."

"हात लावला होता नं बराबर?"

"लावला होता. हाताले समजलंच नाही, काका." मी तळवा पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने तो धरला, दाबला, उलटसुलट करून पाहिला.

"हे कोरडं कसं?"

"औषध घेतलं म्या. दोन महिने झाले."

"अन् मले सांगितलं नाही?"

घामावर आपला जीव टांगलेला आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. पण एवढं सांगून सुटका होत नव्हती. त्यांनी माझा हात सोडला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

चौकशीत मोहोड साहेबांनी विचारलं, "टेस्टर बंद, रॉड गाडीत. मग लाईन मेल्याची खात्री कशी केली?"

"म्या अंदाजानं चढलो साहेब," गळ्यात झोळी अडकवलेले काका म्हणाले. "पोरीचा काही दोष नाही."

मला तेच जास्त लागलं. तो माणूस माझ्याशी महिनाभर एक शब्द बोलला नव्हता आणि तरी तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी म्हटलं, "साहेब, मी हात लावून मेली म्हणून सांगितलं. अकरा वर्षं असंच करतो आहोत." दोघांनाही ताकीदपत्र मिळालं. काकांचा उजवा हात आता डोक्याच्या वर जाणार नव्हता, त्यांना निवृत्तीपर्यंत खालचं काम दिलं.

बातमी सेक्शनभर झाली आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. एकेक जण येऊन मला विनवू लागला. "मसरामबाई, औषध सोडून द्या नं. तुमच्या हातावर आमची लेकरंबाळं हायेत." अकरा वर्षं ज्यांनी हात पुसायला सांगितलं, तेच आता पुसू नको म्हणत होते. राग आला, आणि खरं सांगते, सुखही झालं. इतकी गरज माझी कुणालाच कधी पडली नव्हती. डोसाचा असर ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपणार होता. पुढचा घ्यायचा की नाही, या विचाराने माझी झोप उडाली. घेतला तर मी स्वार्थी. न घेतला तर मी टेस्टर.

शेवटी मी काकांच्या घरी गेले. ते ओसरीत बसून डाव्या हाताने चहा पीत होते.

"काका, तुम्ही म्हणाल तसं करते. सोडू औषध?"

त्यांनी उरलेला चहा संपवला.

"मले तुहा राग नाही आला पोरी. मले भेव वाटलं," ते म्हणाले. "टेस्टरची बॅटरी बदलणं माह्यं काम होतं. किती वर्षांत बदलली नाही, ठाव हाये? तुहा हात होता म्हणून. रॉड उचलाचा कटाळा, तुहा हात होता म्हणून. घरी पोचलो की बायकोले सांगो, नशीब चांगलं हाये. नशीब नोहतं, तुहा घाम होता. तुह्या अंगावर जगलो म्या अकरा वर्षं, अन् तुले एका दिवसाचं बी औषध घेऊ देलं नसतं, आधी समजलं असतं त." त्यांनी कप खाली ठेवला. "सोडू नोको. रॉड काढ गाडीतून."

"अन् चढन कोण?"

"तूच. दुसरं कोण हाये?"

सप्टेंबरात मी दुसरा डोस घेतला. ज्यांना राग यायचा त्यांना आला. मी कुणाच्याही खांबाला हात लावला नाही. "रॉड लावा, नाहीतर मी काम थांबवून साहेबांना फोन करते," एवढंच म्हणायचे. मला मागून बरीच नावं ठेवली गेली, त्यातली दोन-तीन फार समर्पक होती.

ऑक्टोबरच्या उन्हात माझी पहिली चढाई ठरली. परमिट घेतलं. नव्या बॅटरीच्या टेस्टरचं बटण दाबलं, दिवा लागला; तारांजवळ नेला तर आवाज नाही, म्हणजे मेली. काकांनी डाव्या हाताने सळई धरली, मी ती ठोकली, रॉडचा आकडा एकेका तारेवर अडकवला. सगळं नियमाने. मी चढले. तळवे लोखंडाला घट्ट बसत होते, एकदाही घसरले नाहीत. वर पोचून पट्टा आवळला आणि समोर तार आली. हात पुढे जाईना. वीतभर अंतर मला त्या दिवसासारखंच दिसत होतं.

मी खाली बघितलं. काका खांबाशी उभे होते. बूट बाजूला काढून ठेवलेले, बाटली रिकामी, पायाखाली चिखल. डावा तळवा खांबाला सपाट टेकवलेला आणि त्यातून पाणी निथळत होतं.

"काका, काय करून राह्यले तुमी? रॉड लावला हाये! बूट घाला!"

"तू तुह्यं काम कर."

"हात काढा म्हणते नं! येड लागलं काय? काही चुकलं त तुमालेही लागन!"

"लागू दे," काका खालून म्हणाले. "तुले एकटीले काहून लागावं?"

त्यांनी हात काढला नाही. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि मला वरचं नीट दिसेनासं झालं होतं. मी बाहीने डोळे पुसले, हात पुढे केला आणि तार धरली.